चौथा तुकडा

१३ मार्च

धाकट्या,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या क्लार्ककडून लिहून घेतला. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याची खूण येते आणि पुढे सगळं सामसूम. सात वर्षं झाली. कागदावर तशी खूण येत नाही, त्यामुळे तू हे वाचलंस की नाही ते मला कळणार नाही आणि तुझा ताठाही शाबूत राहील.

नमनालाच घडाभर तेल नको. तुझा तुकडा आमच्याकडे आला आहे.

मंगळवारी सकाळी आला. बाहेरगावच्या दवाखान्यांतून आमच्या लॅबला रोज वीस-पंचवीस बाटल्या येतात. बाटलीत माणसाचा एखादा कण, सोबत फॉर्म. मी फॉर्म खालून वर वाचते, ही माझी जुनी खोड. खाली लिहिलं होतं, उजव्या फुप्फुसात गाठ, सुईने काढलेला नमुना. त्याच्या वर, तीन महिने खोकला, थुंकीत अधूनमधून रक्त. त्याच्या वर, पूर्वी जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी, आता मोटार वाइंडिंगचं वर्कशॉप. वय सत्तेचाळीस. नावापर्यंत पोचायच्या आधीच तू आहेस हे मी ओळखलं होतं. मग मी उगाचच फॉर्म उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे काही नसतं.

घरच्या माणसाचा नमुना आला तर तो दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी सोपवला नाही. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायचाही प्रश्न नव्हता. इथे माझ्याइतकं पातळ कापणारं दुसरं कोणी नाही, हे मी माझ्याच तोंडाने सांगते. बाबाही कपड्यांच्या कारखान्यात आपल्या कात्रीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. मी त्यांचीच मुलगी.

बाटलीत तीन तुकडे होते. दोऱ्याएवढे बारीक, सगळ्यात लांब तो नखाएवढा. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'तुकडे तीन', आणि सही केली. ते मेणात बसवले, कापले, काचेवर घेऊन नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवले आणि मॅडमच्या टेबलावर ठेवले. मॅडम म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. रिपोर्टवर सही त्यांची. कॅन्सर आहे हे त्यांनी काल तुझ्या डॉक्टरला फोनवर कळवलं आणि त्याने तुला सांगितलंच असेल, म्हणून मी लिहायचं धाडस करते आहे. तसं नसेल तर मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

पण कुठल्या जातीचा, ते ठरत नाहीये. फुप्फुसातल्या कॅन्सरच्या काही जाती असतात. ॲडेनो म्हणतात त्याच्या पेशी गोलाकार बसून मधे पोकळी करतात. स्क्वेमसच्या पेशी फरशा बसवल्यासारख्या एकमेकींना चिकटतात. आणखी एक बारीक पेशींचा असतो, तो तुझा नाही, एवढं नक्की. तुझ्या पेशी धड गोल बसत नाहीत, धड फरशीसारख्या लागत नाहीत. शाळेच्या रांगेत तू जसा उभा राहायचास तशाच आहेत. मॅडम दहा मिनिटं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या आणि म्हणाल्या, "काही कळत नाही बाई, मार्कर लाव."

मार्कर म्हणजे खुणेचे रंग. टीटीएफ नावाचा एक आहे, तो ॲडेनोच्या पेशींमधली केंद्रकं तपकिरी करतो. पी-फॉर्टी नावाचा दुसरा, तो स्क्वेमसची करतो. एक लागला की दुसरा सहसा लागत नाही. जात कळली की औषध ठरतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मला काय वाटतंय ते विचारू नकोस, माझं मलाच कळत नाहीये. तुझ्याशी सात वर्षांत एक शब्द बोलले नाही, आणि परवा तुझा एक कण चिमट्याने उचलताना मी "सावकाश रे" म्हणाले, मोठ्याने. शेजारचीने वळून पाहिलं.

— ताई

१९ मार्च

धाकट्या,

घोळ झाला आहे. मार्करचा निकाल तुझ्या डॉक्टरकडे पोचला असेल. दोन्ही लागले. पी-फॉर्टी तिन्ही तुकड्यांत लागला. आणि टीटीएफच्या काचेवर तिसऱ्या तुकड्याच्या शेपटीशी एक ठिपका आहे, तीळभर, पण गडद तपकिरी. म्हणजे स्क्वेमस, आणि त्यातच थोडा ॲडेनो? क्वचित असतात असे मिसळलेले. मॅडमनी तसंच लिहिलं, 'दोन्ही घटक असण्याची शक्यता, जनुकांची तपासणी करावी.' ॲडेनोच्या बाबतीत जनुकात ठरावीक बिघाड सापडला तर नुसत्या गोळीवर भागतं, म्हणून ही तपासणी. तुझ्या उरलेल्या तुकड्यातून दहा काप मला त्यासाठी द्यायचे आहेत.

तुझ्या बायकोचा काल फोन आला. पत्र तिच्या हातात पडलं म्हणे, आणि तिने ते आधी वाचून मग तुझ्या ताटाशेजारी ठेवलं. शहाणी आहे, तुझ्या वाट्याला कशी आली कोण जाणे. ती सांगत होती, "ताई, डॉक्टर म्हणाले गोळीचा चान्स आहे! काल किती दिवसांनी शीळ घालत वर्कशॉपमध्ये गेले." मी "बरं झालं" म्हणाले. ती म्हणाली, "तुमचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, रेंज नाही.

तुला गंमत म्हणून आमची एक रीत सांगते. खुणेचा रंग लावलेल्या प्रत्येक काचेच्या कडेला आम्ही एक ओळखीचा तुकडा लावतो. रोग्याचा नव्हे, आधीच्या कोणाचा तरी, ज्याच्यात तो रंग येणारच हे पक्कं ठाऊक असतं. त्याला कंट्रोल म्हणतात. तो तपकिरी झाला नाही तर समजायचं, औषधच बिघडलं, आणि रोग्याचा निकाल धरायचा नाही. आमचा टीटीएफचा कंट्रोल नामी आहे. सहा वर्षं तोच ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, पुरवून पुरवून वापरते. मॅडम म्हणतात, असा गडद रंग दुसऱ्या कशाला येत नाही.

काच पाहताना मला एक गोष्ट खटकली होती, पण ते जाऊ दे. त्या दिवशी काम फार होतं. कंट्रोलचे तयार काप संपले होते, ते मला घाईत नव्याने कापावे लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काहीतरी असेल. तुझं नाव काचेवर दिसलं की मला सगळंच खटकतं.

दोन्ही जातींचं मिश्रण म्हणजे बरं की वाईट, असं तू विचारशील. मला माहीत नाही. वीस वर्षं ह्या कामात घालवून मला माहीत नाही, हे लिहिताना लाज वाटते.

— ताई

२६ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी दोन ओळी, त्याही शिसपेन्सिलीने. 'सोमवारी पहिलं सलाइन. बाबांचंच आलं ना माझ्याकडे? तेवढं खरं सांग.'

ह्याला मी सकाळपासून तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. एकात 'हो' लिहिलं, एकात 'नाही', तिसऱ्यात नुसता हवापाण्याचा मजकूर.

बाबांचा ॲडेनो होता. गोल गोल पोकळ्या, पुस्तकात छापावा असा. त्यांच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाचा मोठा भाग आमच्याच लॅबमध्ये आला होता, हे तुला माहीत आहे. तुझ्यात ॲडेनो आहे असं रिपोर्ट म्हणतो, म्हणजे 'थोडंफार बाबांचंच' असं मला लिहिता आलं असतं. तू ते मान्यही केलं असतंस. बापाची गोष्ट पोराकडे आली म्हटलं की माणूस जास्त प्रश्न विचारत नाही.

पण 'खरं सांग' असं तू लिहिलंस. मला, आणि खरं!

दुपारी तुझ्या बायकोला फोन करून सोमवारच्या सलाइनचा कागद वाचून दाखवायला सांगितलं. गोळीच्या तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागतील, तोवर रिपोर्टातला ॲडेनो धरून त्याच्यावरचं औषध चालू करणार म्हणे. तिने एकेक अक्षर लावत तीन नावं वाचली. तिसरं नाव मी तिला दोनदा वाचायला लावलं. ते गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं औषध आहे. ॲडेनोला चालतं. स्क्वेमसला देत नाहीत, कारण गाठीतून एकदम रक्त फुटू शकतं. आणि तुझ्या थुंकीत आधीच रक्त आहे.

ती विचारत होती, "ताई, काही चुकतंय का?"

मी म्हटलं, "नाही, सहज विचारलं."

फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. जनुकांच्या तपासणीचे दहा काप मी आज कापते, उद्या कापते करत गेला आठवडाभर टाळते आहे. ब्लॉकमध्ये तेवढंच उरलं आहे. दहा काप गेले की मागे फिरून काही बघायला तुझा कणही शिल्लक राहत नाही. मॅडमनी आज दोनदा विचारलं. उद्या सकाळी मला ते कापायचेच आहेत.

आता इथेच थांबते. हे पत्र तुला मिळेल तोवर सोमवार उजाडेल.

— ताई

२७ मार्च

धाकट्या,

मॅडमना सांगितलं. सोमवारचं सलाइन थांबवलं आहे, तुझ्या डॉक्टरशी त्या माझ्यासमोर फोनवर बोलल्या. पत्र मागून येतं आहे, पण फोन आधी गेला आहे. हे नीट वाच, कारण पुन्हा असं लिहायचं बळ मला येणार नाही.

तिसऱ्या तुकड्याच्या शेपटीला तपकिरी ठिपका, असं मी लिहिलं होतं. ती शेपटी नव्हती. तो चौथा तुकडा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्याच अक्षरात रजिस्टरला 'तुकडे तीन' लिहिलेलं आहे आणि काचेवर चार आहेत. तिसऱ्याला इतका चिकटून की मॅडमना एकच वाटला. खोल कापत गेलं की तुकड्यांचे आकार बदलतातच, त्यांना संशय यायचं कारण नव्हतं. मला होतं. मोजले मी होते.

आमचं काम असं असतं. मेणाच्या ठोकळ्यात तुकडा बसवून यंत्रावर कापला की मेणाची पातळ पट्टी निघते. ती कोमट पाण्याच्या ताटात सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलून घ्यायची. एकाची पट्टी उचलली की दुसऱ्याची सोडण्याआधी पाण्यावरून कागद फिरवायचा. नाहीतर पहिल्याचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहतो आणि दुसऱ्याच्या काचेवर चढून बसतो. नवीन येणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मीच शिकवते. त्या दिवशी मी आधी कंट्रोल कापला, मग तुला. मधे कागद फिरवला नाही. तुझी पट्टी हातात होती, ती फाटेल की काय ह्या धास्तीत मी दुसरं सगळं विसरले.

मॅडमना म्हटलं, "बाहेरचा कण आहे तो. आपल्या कंट्रोलचा."

त्यांनी काच लावली, बराच वेळ पाहिलं. "हो की," म्हणाल्या. "तुला कधी कळलं?"

"अठरा तारखेला."

"आज सत्तावीस आहे."

"हो."

"नऊ दिवस? अगं, त्या माणसाला सोमवारी औषध सुरू होतंय! तू अशी नाहीस. काय झालंय तुला?"

"तो माझा भाऊ आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि फोन उचलला. तुझ्या डॉक्टरला त्यांनी 'आमच्याकडून चूक झाली' असं सांगितलं. 'आमच्याकडून' म्हणाल्या. मला रडू आलं ते तेव्हा.

मग मी पाण्याचं ताट घासून धुतलं आणि मॅडम शेजारी उभ्या असताना कापकाम करणाऱ्या दुसरीने तुझे नवे काप घेतले. माझ्याहून जाड कापते, पण स्वच्छ कापते. उरल्यातले थोडेच वापरले, बाकीचे राखून ठेवले. निकाल चार-पाच दिवसांत येईल.

आता दुसरं. आमचा कंट्रोल कोणाचा आहे ते मी तुला सांगितलं नाही. बाबांचा आहे. ते गेल्यावर वर्षभराने जुना कंट्रोल संपला, मॅडमनी कपाटातले ब्लॉक काढून पाहिले आणि एक निवडला. नुसता नंबर बघून. मी नंबर ओळखला आणि गप्प बसले. तेव्हापासून लोकांच्या काचांच्या कडेला मी बाबांना लावते आहे. म्हणजे तुझ्या काचेवर आलेला तपकिरी ठिपका बाबांचा होता. 'बाबांचंच आलं ना माझ्याकडे' असं तू विचारलंस. आलं होतं, पण माझ्या हातून आलं.

आणि तिसरं. ते लॅबचं नाही.

तू जहाजावर असताना मी लिहायचे, बाबा ठीक आहेत, खोकला कमी आहे, करार पुरा करूनच ये. तू आलास तेव्हा बाबांना जाऊन अकरा दिवस उलटून गेले होते. फाइलमध्ये तुला रोग पसरल्याचा कागद सापडला, तीन महिने आधीचा, खाली नातेवाईक म्हणून माझी सही. तू विचारलंस, मी म्हटलं, बाबांनीच सांगितलं होतं कळवू नकोस म्हणून. तू म्हणालास, "तुझं खरं तुझ्या काचेवरच ठेव," आणि गेलास.

बाबांनी सांगितलं होतं, हे खरं आहे. 'भर समुद्रात पोराने काय करावं, नुसता झुरेल.' त्या एका वाक्यावर मी सात वर्षं काढली. पण शेवटी त्यांनी मन बदललं होतं, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. एका सकाळी उठून बसले आणि म्हणाले, "धाकट्याला बोलावून घे." मी हो म्हटलं. लिहायला बसले, तर आधीची सगळी पत्रं आडवी आली. ठीक आहेत, ठीक आहेत लिहिलेल्या माणसाने एकदम 'ये' कसं लिहायचं? उद्या लिहू, म्हटलं. ते रोज विचारायचे, "निघाला का?" मी सांगायचे, "निघालाय." नऊ दिवस विचारलं. दहाव्या दिवशी विचारायला ते नव्हते.

तू येणार म्हणून त्यांनी दाढी करून घेतली होती. एकदा नाही, तीनदा.

बाबा म्हणायचे, कापलेलं शिवता येतं, पण शिवण दिसते. मला तर शिवताही येत नाही, मी फक्त कापते. माफी मागू का, आणि नेमकी कशाकशाची, ते मला सुचत नाही. सगळं एकात एक मिसळलं आहे.

— ताई

६ एप्रिल

धाकट्या,

आधी निकाल. नव्या काचेवर तुकडे तीन. मी मोजले, मॅडमनी मोजले, दुसरीने मोजले. पी-फॉर्टी तिन्हींत लख्ख तपकिरी, टीटीएफ कोरा. कंट्रोल आपल्या कडेला, आपल्या जागी. तुझा स्क्वेमस आहे. मिश्रण वगैरे काही नाही.

त्यामुळे गोळीची आशा जवळजवळ संपली. तुझ्या बायकोला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सलाइनच ना? मग सलाइन तर सलाइन." नवं औषध गुरुवारी सुरू होईल, ते स्क्वेमसचं आहे. राखलेल्या कापांवर अजून एक मार्कर लावणार आहेत. तो चांगला लागला तर तुझ्याच शरीराला गाठीवर सोडणारं औषध जोडीला देता येतं. लागेलच असं नाही. मी आता कशालाही नक्की म्हणत नाही.

मला कापायच्या टेबलावरून उठवलं आहे. चौकशी होईल, लेखी जबाब दिला आहे. सध्या लेबलं चिकटवते. वीस वर्षांची कारागीर आणि हातात गोंदाचे स्टिकर, बाबा असते तर हसले असते. गेल्या दोन वर्षांतल्या ज्या काचांवर मी कंट्रोल आणि रोगी एका दिवशी कापले, त्या सगळ्या मॅडम पुन्हा तपासत आहेत. मी त्यांना रजिस्टरमधले आकडे वाचून दाखवते, त्या मोजतात. आतापर्यंत सगळे जुळले.

परवा तुझा मेसेज आला. सात वर्षांत पहिला. मला वाटलं शिव्या असतील, मी तयारीही केली होती, खुर्चीवर बसूनच उघडला. तू एवढंच लिहिलं होतंस, 'ते कसे दिसतात?'

दोन दिवस विचार करते आहे, काय सांगू.

गोल पोकळ्या दिसतात, लहानमोठ्या. त्यांच्या कडेने पेशी ओळीने बसलेल्या. प्रत्येकीचं केंद्रक कडक कॉफीच्या रंगाचं. अधूनमधून काळे ठिपके, ती कारखान्यातली आणि रस्त्यावरची धूळ, जन्मभर साठलेली. बस. बाबांचं म्हणून त्यात काही ओळखू येत नाही. चष्मा कपाळावर ढकलून तोच घरभर शोधणं नाही, टेपने आपली उंची मोजताना दोन बोटं जास्त सांगणं नाही. तरी सहा वर्षं मी रोज सकाळी आधी त्यांच्याकडे बघत आले, रजिस्टरला 'कंट्रोल ठीक' लिहीत आले, आणि मगच दुसऱ्यांकडे वळले. हे कोणाला सांगावं असं कधी वाटलं नाही. वेड लागलंय म्हणाले असते.

तू येऊ शकला नाहीस म्हणून तेच तुझ्याकडे गेले, असं लिहायचा मला फार मोह झाला. वाचायला किती छान वाटलं असतं! पण तसं काही झालं नाही. मी पाणी पुसलं नाही, म्हणून गेले. मला आता एवढं तरी जसंच्या तसं लिहायचं आहे.

ती चुकलेली काच फेकून देत नाहीत, चौकशीसाठी जपून ठेवली आहे. मॅडमच्या खोलीत दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे, समोरासमोर दोन जोड्या डोळ्यांसाठी. मी त्यांना विचारलं, भावाला दाखवू का? त्या म्हणाल्या, "नियमात बसतं की नाही मला माहीत नाही." मग म्हणाल्या, "बुधवारी दुपारी मी जेवायला बाहेर जाणार आहे." बुधवार म्हणजे तुझ्या सलाइनच्या आदला दिवस. बसने पाच तास लागतात. दम लागत असेल तर पुढची सीट घे, बायकोला बरोबर आण, लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद असते, जिना सावकाश चढ. मी खाली दारातच उभी असेन.

तू रागावलेला असशील तर रागावूनच ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, काच बघ आणि जा.

बाबांनी सांगूनही मी जो शब्द लिहिला नाही, तो लिहिते.

ये.

— ताई